तारामतीचा चेहरा : अण्णा साळुंके आणि मूकपटाचा काळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही शाळा हे व्याख्यान योजते, त्यांच्या नावाला साजेल असा विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली. मराठीच्या जुन्या प्राध्यापकाकडून संतवाङ्मय, शाहिरी काव्य किंवा गेला बाजार केशवसुत-बालकवी यांच्यावर काही ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका आचाऱ्यावर बोलणार आहे. त्याचे नाव अण्णा हरी साळुंके. ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात तो दहा रुपये महिन्यावर राबत होता. १९१३ साली तो राजा हरिश्चंद्राची पट्टराणी तारामती झाला, आणि १९१७ साली एकाच चित्रपटात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत लोकांपुढे आला.

साळुंक्यांची ही कथा आपल्याकडे बहुधा विनोदाने सांगितली जाते. चहाच्या टेबलाशी वाढपी किंवा आचारी दिसला, त्याचे हात नाजूक होते, फाळक्यांनी त्याला उचलले आणि राणी केले. लोक हसतात आणि गोष्ट पुढे सरकते. मला या हसण्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे. इतिहासात काही माणसे चुटक्यापुरती उरतात, आणि चुटका एकदा रूढ झाला की त्यामागच्या माणसाकडे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. साळुंक्यांच्या बाबतीत तसे झाले आहे, असे माझे मत आहे.

प्रथम प्रसंग नीट समजून घेऊ. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १९११ साली मुंबईच्या गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांच्या मनाने घेतले की रामकृष्णांच्या कथाही पडद्यावर अशाच हलू-चालू लागल्या पाहिजेत. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, तेथून विल्यमसन कॅमेरा व इतर सामग्री घेऊन परतले आणि दादरला आपल्या घरीच त्यांनी कारखाना थाटला. 'कारखाना' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. सिनेमात काम करणे ही त्या वेळी सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगा. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने हे नाव घरोघर पोचविले आहे, तेव्हा अधिक विस्तार करीत नाही. फॅक्टरीतल्या पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, आणि तो उरकल्यावर फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही त्याच करीत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव घातले पाहिजे. तोही स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

हरिश्चंद्राच्या भूमिकेला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, रोहिदासाला घरचाच मुलगा भालचंद्र मिळाला, विश्वामित्राला गजानन वासुदेव साने मिळाले. तारामती मिळेना. फाळक्यांनी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. मग ज्या वस्तीत नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायका राहत, तेथेही ते गेले. तेथूनही नकार आला. हा नकार आपण क्षणभर समोर ठेवू. समाजाने ज्यांना बाहेर बसविले होते त्या स्त्रियांनाही कॅमेऱ्यासमोर उभे राहणे आपल्या उरल्यासुरल्या इभ्रतीला बाधक वाटत होते. चार माणसांसमोरचा नाच त्या रात्रीपुरता असतो. चित्र मात्र गावोगाव जाणार, आणि ते कोण पाहील यावर आपला काही ताबा राहणार नाही, ही गोष्ट त्यांना पुरती कळली असली पाहिजे. कॅमेऱ्याचे खरे स्वरूप त्या काळच्या पुष्कळ शहाण्या माणसांच्या आधी त्यांनी ओळखले होते, असे मी म्हणेन.

अशा अडचणीत फाळक्यांना ग्रँट रोडच्या उपाहारगृहात साळुंके दिसले. सडपातळ बांधा, नाजूक हात. दहाच्या जागी पंधरा रुपये महिना देऊ केला आणि गृहस्थ आले. या पंधरा रुपयांना आपण हसतो. पण दहाचे पंधरा म्हणजे दीडपट वेतन, आणि तेही महिन्याच्या महिन्याला बांधलेले. कलेची ओढ, रंगभूमीचे वेड वगैरे शब्द नटांच्या चरित्रांतून आपण इतके वाचलेले असतात की पगार वाढला म्हणून माणूस नट झाला हे आपल्याला कमीपणाचे वाटते. मला तसे वाटत नाही. पोटासाठी घर सोडून मुंबईला गेलेली माणसे आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातही घरोघर आहेत. पाच रुपये अधिक मिळतात म्हणून माणूस गिरणी बदलतो, हॉटेल बदलतो, तसा हा माणूस उपाहारगृहातून फॅक्टरीत आला.

पुढचा प्रसंग मिशांचा. तालमी झाल्या, पण चित्रणाची वेळ आली तेव्हा स्त्रीभूमिका करणारी मंडळी मिशा काढावयास तयार होईनात. हिंदू माणूस मिशी उतरवतो ती वडील गेल्यावर. बाप जिवंत असता मिशी काढणे म्हणजे त्याचे अशुभ चिंतणे. फाळक्यांना समजूत घालावी लागली. हाही प्रसंग विनोदाने सांगतात, आणि त्यात विनोद आहेच. परंतु असे पाहा की नाटक कंपनीतला स्त्रीपार्टी मुलगा लहानपणीच त्या वळणात वाढलेला असे. आजूबाजूला तेच करणारी चार मुले असत आणि कंपनीला समाजात काही स्थान असे. साळुंक्यांना यांपैकी काहीच नव्हते. चुलीपुढून उठून ते सरळ कॅमेऱ्यापुढे आले होते, आणि पाठीशी परंपरा नसलेल्या माणसाला मिशी उतरवताना जे वाटले असेल ते सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नव्हे.

आपल्या भागातल्या श्रोत्यांना पुरुषाने लुगडे नेसणे हे काही नवल नाही. नागपूर-भंडाऱ्याकडची खडी गंमत आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. तीत नाच्या पोऱ्या असतो आणि त्याच्या नाचावर रात्र उजाडते. दशावतारात, रामलीलेत, तमाशाच्या जुन्या फडांत हेच होते. जगात इतरत्रही होते. जपानच्या काबुकी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची थोर परंपरा आहे, आणि तेथील मूकपटांतही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभापर्यंत नायिकेचे काम पुरुषच करीत. तेव्हा साळुंक्यांचे लुगडे हा विषय नव्हे. ते लुगडे कॅमेऱ्यासमोर आले, हा विषय आहे.

रंगभूमी आणि मूकपट यांतला भेद येथे लक्षात घ्यावयास हवा. बालगंधर्वांची सिंधू किंवा भामिनी ज्यांनी पाहिली त्यांनी आधी तो आवाज ऐकला. त्या सुरावर श्रोत्यांचा जीव एकदा जडला की पुढे जे दिसे ते तो सूर दाखवी तसेच दिसे. शिवाय नाट्यगृहातले दिव्यांचे अंतर, भरजरी शालू, पदराची ती प्रसिद्ध लकब ही सारी मदतीला असत. साळुंक्यांपाशी सूर नव्हता. मूकपटात तो असून उपयोग नव्हता. उजेड दिव्यांचा नव्हे, उघड्या आभाळाचा. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे. कपाळीचे कुंकू, ओठांचा रंग, शालूचा लाल काठ, सगळे पडद्यावर काळे. म्हणजे रंगाचा शृंगार गेला, आवाज गेला, आणि उरले काय? चेहरा, हात आणि चालणे-बसणे. हाताने दांडा फिरवून चालणाऱ्या कॅमेऱ्यासमोर एवढ्या भांडवलावर एका माणसाने राणी उभी करावयाची होती. फाळक्यांनी नाजूक हात पाहून माणूस निवडला यात म्हणूनच मला गंमत वाटत नाही. त्यांनी नेमके तेच पाहिले, जे मूकपटात उरणार होते.

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी 'राजा हरिश्चंद्र' दाखविला गेला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो सर्वांना खुला झाला. लांबी ३७०० फूट, चार रिळे. बाहेरचे चित्रण वांगणी गावी झाले होते. तेथे राजा, प्रधान, भालदार अशा वेषात हिंडणारी ही मंडळी दरोडेखोर आहेत असे समजून गावकऱ्यांनी त्यांना धरले होते, अशी हकीकत सांगतात.

आता येथून पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तारामतीसाठी बाई मिळाली नाही ही गोष्ट सर्वांना पाठ असते. पण त्याच वर्षी, १९१३ सालीच फाळक्यांनी तयार केलेल्या 'मोहिनी भस्मासुर' या पुढच्या चित्रपटात दोन स्त्रिया होत्या, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला. म्हणजे काही महिन्यांत समाज बदलला काय? मुळीच नाही. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या, पदरी मुलगी होती आणि त्या काळच्या एकट्या बाईला धुणीभांडी किंवा स्वयंपाक यांपलीकडे मार्ग नव्हता. त्यांनी नाटकाचा मार्ग धरला, आणि त्यासाठी आप्तांचा व समाजाचा रोष पत्करला. ज्या बाईला समाजाने आधीच वगळले होते तिला वगळले जाण्याचे भय उरले नव्हते. कमलाबाई पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, त्यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि तीन मुलगे त्यांनी रंगभूमीवर राबून वाढविले. चंद्रकांत गोखले हे त्यांतले एक. विक्रम गोखले हे नातू. कमलाबाईंनी रंगभूमीवर पुरुषभूमिकाही केल्या. साळुंके दीडपट पगारासाठी बाई झाले आणि कमलाबाई पोरांच्या भाकरीसाठी पुरुष झाल्या. ही दोन उदाहरणे मी एकमेकांशेजारी ठेवतो, कारण आपल्या चित्रपटाच्या पायाशी कलेइतकीच निकड आहे हे त्यांतून दिसते.

पण मग प्रश्न असा की, १९१३ मध्ये दोन स्त्रिया मिळाल्या असता १९१७ मध्ये सीतेसाठी पुन्हा साळुंकेच का? माझा तर्क असा आहे. मायलेकी नाटक मंडळीतल्या होत्या. चित्रपटाचे काम आटोपल्यावर त्या आपल्या रंगभूमीकडे गेल्या. फॅक्टरीला मात्र महिन्याच्या पगारावर कायम हाताशी असलेली माणसे हवी असत. नट हा तेथे कारागीर होता. आज राणी, उद्या राजा, परवा आणखी काही. सवय झालेला, चेहरा कॅमेऱ्याला ठाऊक असलेला आणि पगारपत्रकावर असलेला माणूस सोडून नव्या बाईच्या शोधात पुन्हा दारोदार हिंडणे फाळक्यांनी पत्करले नाही. मार्ग एकदा उघडला म्हणजे तो उघडाच राहतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कमलाबाईंनी उघडलेले दार पुढची काही वर्षे लोटलेलेच होते.

'लंकादहन' १९१७ सालचे. राम साळुंके, सीताही साळुंके. भारतीय चित्रपटातील दुहेरी भूमिकेचे हे पहिले उदाहरण म्हणून नोंदले जाते. आज दुहेरी भूमिका म्हटली की एकाच चौकटीत एकमेकांशी बोलणारे दोन भाऊ डोळ्यांसमोर येतात. लंकादहनाच्या कथेत या भूमिकेला कथेचीच मोठी सोय होती: सीता अशोकवनात, राम वानरसेनेत; विरह हाच विषय असल्यामुळे दोघांची भेट बहुतेक काळ नाहीच. एकीकडून दुसरीकडे निरोप नेणारा हनुमान गणपत शिंदे यांनी केला होता. विद्यार्थिमित्रांनी याची कल्पना करून पाहावी: अशोकवनातल्या साळुंक्यांना अंगठी देणारा हनुमान ती अंगठी घेऊन आला आहे तो दुसऱ्या साळुंक्यांकडून!

आणि लोक? लोकांनी रामाचा चेहरा पडद्यावर येताच पायांतली पादत्राणे काढून ठेवली असे सांगतात. मुंबईत गिरगावच्या चित्रपटगृहात पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ चालत आणि जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, अशा आठवणी आहेत; मद्रासकडच्या उत्पन्नाच्या गाडीबरोबर पोलीस पहारा असल्याचेही सांगतात. अशा कथांत थोडी भर पडत जाते हे धरून चालू. तरी मुख्य गोष्ट खरी आहे. जामसावळीच्या निजलेल्या हनुमंतापुढे शनिवारी उभी राहणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पादत्राणे काढणे मी समजावून सांगण्याची गरज नाही. पडद्यावरचा राम म्हणजे पंधरा रुपयांवर आलेला माणूस आहे हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. माहीत असूनही जोडे काढले जात होते. आपल्या गावात रामलीलेत पाटलाचा किंवा शिंप्याचा पोर सीता होतो, आणि तरी म्हाताऱ्या त्याच्या पाया पडतात. त्या भोळ्या असतात म्हणून नव्हे. सोंग आणि देव यांचा हिशेब त्या वेगवेगळ्या वह्यांत ठेवतात.

यानंतर साळुंक्यांच्या आयुष्याला जे वळण लागले ते मला सर्वांत लक्षणीय वाटते, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. वामन श्रीधर आपटे हे तिच्या भागीदारांतील प्रमुख. पुढल्याच वर्षी भागीदारांशी मतभेद होऊन फाळके तेथून बाहेर पडले, काशीला जाऊन राहिले, 'रंगभूमी' नावाचे नाटक त्यांनी लिहिले आणि १९२२ मध्ये ते परतले. या घडामोडींत साळुंके कोठे होते? ते कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूस गेले होते. १९२२ चा 'सत्यनारायण' आणि १९२३ चा 'बुद्धदेव' अशा एखाद-दुसऱ्या चित्रपटात ते नट म्हणून दिसतात; एरवी १९३१ पर्यंत त्यांचे नाव येते ते छायाचित्रकार म्हणून. त्यांच्या नावावरच्या भूमिका एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, तर छायाचित्रित केलेले चित्रपट तीसच्या आसपास भरतात. म्हणजे आपण ज्याला तारामती म्हणून ओळखतो तो माणूस आपल्या कारकिर्दीचा बहुतेक काळ कॅमेरामन होता!

यात मला एक न्याय दिसतो. कॅमेऱ्यासमोर निव्वळ चेहरा आणि हात एवढ्यावर उभे राहण्याचा अनुभव ज्याला होता, त्याला कॅमेरा काय टिपतो आणि काय टाकून देतो हे दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नव्हती. कोणता रंग काळा उतरतो, ऊन डोक्यावर आले की डोळ्यांच्या खोबणीत सावली कशी भरते, हे त्याने स्वतःच्या चेहऱ्यावर भोगलेले होते. आणि हा हात आचाऱ्याचा होता. विस्तव, वेळ आणि प्रमाण यांचे भान ज्या हाताला आहे, तो हात दांडा एका लयीत फिरवावयास आणि औषधांच्या पाण्यात फिल्म किती वेळ ठेवावी हे ओळखावयास नालायक नसतो. प्राध्यापक मंडळी अशा हातांविषयी फारसे लिहीत नाहीत. आमच्या पिढीने वाङ्मयाचे इतिहास लिहिले ते कवींचे लिहिले. खिळे जुळविणाऱ्यांचे कोणी लिहिले नाहीत.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला. पुढल्याच वर्षी प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला, आणि कथा कोणती निवडली? तीच, हरिश्चंद्राची. 'अयोध्येचा राजा', दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. तारामती झाल्या दुर्गा खोटे. सुखवस्तू घरातल्या, महाविद्यालयात शिकलेल्या बाईने पडद्यावर यावे यावर तेव्हा वादळ उठले. ते सारे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. एकोणीस वर्षांच्या अंतराने त्याच राणीची भूमिका कोण करते हे पाहिले की महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे एक प्रकरण वाचल्यासारखे होते. कथा तीच, डोंबाघरची चाकरी तीच, मांडीवर मेलेला रोहिदास तोच. फक्त तारामतीला आता आवाज मिळाला होता आणि तो बाईचा होता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर अख्खा महाराष्ट्र लुब्ध होता, त्यांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ उभे केले. ती पुरुषभूमिका होती. त्यानंतर 'साध्वी मीराबाई'मध्ये ते पडद्यावर मीरा झाले. चित्रपट चालला नाही. आवाज तोच, गाणे तेच, नाव केवढे मोठे. पण तोवर पडद्यावर बायका आल्या होत्या आणि लोकांचे डोळे बदलले होते. १९१३ मध्ये अनोळखी आचाऱ्याला प्रेक्षकांनी जे दिले, ते चोवीसएक वर्षांनंतर खुद्द बालगंधर्वांना मिळाले नाही. साळुंके अधिक मोठे नट होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाहणाऱ्यांची ती वेळ निघून गेली होती.

आता शेवटची गोष्ट, जे उरले आहे त्याविषयी. आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेच्या घरात चित्रपट निघाले. त्यांतले आज तीसएक शिल्लक आहेत आणि त्यांतही कित्येक तुकड्यांच्या रूपात. फिल्म जळाऊ असे, रासायनिक कारणांनी सडे, आणि चांदी काढून घेण्यासाठी लोक ती विकून टाकीत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेथे पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जे जमविले त्यात 'राजा हरिश्चंद्रा'ची पहिली आणि शेवटची रिळे आहेत, 'लंकादहना'चे काही फूट आहेत. हरिश्चंद्राच्या या रिळांविषयी अभ्यासकांत वाद आहे. फाळक्यांनी १९१७ मध्ये हाच चित्रपट 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केला होता, आणि उरलेली रिळे १९१३ ची नसून या दुसऱ्या खेपेची असावीत असे काही संशोधकांनी मांडले आहे. वाद महत्त्वाचा आहे. मात्र त्याने आपल्या विषयाला बाध येत नाही, कारण तारामती दोन्ही खेपांना साळुंकेच होते.

त्या रिळाच्या आरंभी राजा हरिश्चंद्र रोहिदासाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि तारामती जवळ उभी राहून पाहते आहे. पुढे कारंज्याच्या हौदात राणी सख्यांसह जलक्रीडा करते. ओल्या लुगड्यांतले ते सगळे पुरुष आहेत, आणि पहिले मिनिटभर हसू येतेच. शेवटच्या रिळात स्मशान आहे. राजपुत्राच्या खुनाचा आळ आलेली तारामती खाली वाकून मान पुढे करते, नवरा खड्ग उचलतो, आणि शंकर प्रकट होतो. मजकुराच्या पाट्या आहेत हिंदी आणि इंग्रजी. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांना त्यांतली हिंदी वाचावयास अडचण पडणार नाही. रिळ लहान आहे. शाळेने ते एकदा मुलांना दाखवावे, आणि मान पुढे करणाऱ्या त्या राणीचे दोन्ही हात त्यांनी नीट पाहावेत.